अडतिसाव्या वर्षी ऑटोमेशन शिकायचं आहे

ताई, आम्ही ओहायोत राहतो. भारतात माझं बी.कॉम. झालं, लग्नानंतर इथे आले आणि बरीच वर्षं घरीच होते. ग्रीन कार्ड आल्यावर, दीड वर्षापूर्वी, एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर ऑपरेटर म्हणून लागले. लाइन बंद पडली की मेंटेनन्सचे एक गृहस्थ येतात, पॅनेल उघडतात, आतल्या बारीक दिव्यांकडे बघत उभे राहतात, मग एक वायर जराशी हलवतात, स्क्रू आवळतात आणि लाइन सुरू होते. मला ते शिकायचं आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात इंडस्ट्रियल ऑटोमेशन टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नवरा म्हणतो, शिकायचंच तर घरबसल्या डेटाचा कोर्स कर, या वयात हात काळे कशाला? नणंद फोनवर म्हणाली, “बी.कॉम. करून पाना-पक्कड?” माझं गणित जेमतेम आहे, करंटची भीती वाटते, वर्गात मी एकटीच बाई असेन. मुलं तेरा आणि नऊ वर्षांची आहेत, माझं वय ३८. वेळ वाया जाईल का? आणि ते गृहस्थ त्या दिव्यांत नेमकं काय बघतात?

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

शिका. नोकरी न सोडता शिका, संध्याकाळच्या वर्गाला जा आणि पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, तो म्हणजे डीसी-एसी सर्किट्स. दिव्यांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, कारण मधलं वाचल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

मी बावीस वर्षं कारखान्यांत कंट्रोल्सचं काम केलं आणि आता संध्याकाळी अशाच एका कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवते. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात ते प्रोग्रॅमिंग शिकायला. रोबो हलवायला मिळणार म्हणून त्यांचे डोळे चमकत असतात. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांच्या लक्षात येतं, की कारखाना पगार देतो तो बंद पडलेलं सुरू करण्याचा. प्रोग्रॅम एकदाच लिहिला जातो आणि पुढे वीस वर्षं चालतो. त्या वीस वर्षांत सेन्सर मळतात, वायरी तुटतात, व्हॉल्व्ह अडकतात, कुणीतरी ब्रॅकेटला धक्का देतं. बिघाड शोधणं हाच या धंद्याचा गाभा आहे. आणि मशीन धडधाकट असताना कसं वागतं हे ज्याला अंगात मुरल्यासारखं माहीत आहे, त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. तुम्ही दीड वर्ष रोज आठ तास त्या लाइनसमोर उभ्या आहात.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत खोक्यांची एक लाइन रोज दुपारी काही मिनिटं अडखळायची. खोकं नसतानाही कंट्रोलरला, म्हणजे लाइन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, वाटायचं की खोकं आलंय. मी नवीन होते, लॅपटॉप जोडून चार दिवस प्रोग्रॅम वाचत बसले. एकेक ओळ तपासली, टायमर बदलून पाहिले. पाचव्या दिवशी लाइनवरच्या ऑपरेटर बाई म्हणाल्या, “ते ट्रकचं मोठं दार उघडं असलं आणि ऊन आत आलं की होतं बघ.” हिवाळ्यातला कलता सूर्य नेमका फोटो-आयच्या, म्हणजे प्रकाशावरून खोकं ओळखणाऱ्या सेन्सरच्या, भिंगात शिरत होता. पत्र्याचा एक तुकडा वाकवून आडोसा केला आणि विषय संपला. त्या बाईंनी हे याआधीही सांगितलं होतं, फक्त त्यांना पॅनेल वाचता येत नव्हतं म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. तुम्हाला दोन्ही येईल.

आता गणिताचं. ज्या गणिताच्या भीतीने तुम्ही पत्र लिहिलंय ते गणित या अभ्यासक्रमात नाही. साधं बीजगणित, थोडी त्रिकोणमिती, ओहमचा नियम आणि भरपूर त्रैराशिक. एक नमुना देते. टाकीतली पातळी मोजणारा ट्रान्समीटर कंट्रोलरला ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअरचा प्रवाह पाठवतो. टाकी रिकामी म्हणजे ४, काठोकाठ म्हणजे २०. टाकी ३०० सेंटिमीटर उंच आहे आणि मीटरवर १२ दिसतंय, तर पाणी किती? १२ मधून ४ वजा केले, ८ उरले. सगळा पल्ला १६ चा, म्हणजे निम्मं. पाणी १५० सेंटिमीटर. बी.कॉम.ला तुम्ही घसारा आणि व्याज काढलंय, हे त्याहून सोपं आहे. सोपं नाही ते पुढचं: रिकामी टाकी शून्याऐवजी ४ ने का दाखवायची? कारण वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो. शून्याचा अर्थ ‘रिकामी’ असता, तर तुटलेली वायर आणि रिकामी टाकी यांत फरकच कळला नसता आणि पंप भरत राहिला असता. या क्षेत्रातली बुद्धी अशी असते. आकडेमोड थोडी असते, ‘हे बिघडलं तर काय होईल’ हा विचार मात्र सतत असतो. घर चालवलेल्या माणसाला या विचाराची सवय असते.

प्रोग्रॅमिंगची धास्तीही काढून टाका. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला एक डोकेदुखी होती. गाडीचं मॉडेल बदललं की कारखान्यातल्या रिलेंनी, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांनी, भरलेल्या कपाटांचं वायरिंग पुन्हा करावं लागे. त्यांना असा कंट्रोलर हवा होता, की जो वायरी न उपसता बदलता येईल. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा कंपनीत डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. कंपनीचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव पडलं मोडिकॉन ०८४. हाच पहिला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम बदलता येणारा कंट्रोलर, मानला जातो. त्याची भाषा रिलेच्या आकृतीसारखीच ठेवली गेली: दोन उभ्या रेघा, मध्ये शिडीच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर संपर्क (स्विचची उघडझाप) आणि शेवटी कॉइल (तिला वीज मिळाली की रिले खेचला जातो). म्हणून तिचं नाव लॅडर, म्हणजे शिडी. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती पहिल्या दिवशी वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. आज पीएलसीसाठी इतर भाषाही आहेत, पण इथल्या कारखान्यांत पॅनेलसमोर उभं राहून वाचली जाते ती मुख्यतः लॅडरच. वायर समजली की लॅडर समजते. म्हणून मी विद्यार्थ्यांना पीएलसीच्या आधी मोटर कंट्रोलचा विषय घ्यायला लावते. वेळापत्रकात दोन्ही एकदम बसत असले तरी तुम्ही तसं करू नका.

मोटर कंट्रोलमध्ये तुम्ही पहिल्यांदा जोडाल ते स्टार्ट-स्टॉपचं सर्किट. स्टार्टचं बटण दाबलं की काँटॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा मोठा रिले, खेचला जातो, मोटर फिरते. बोट काढलं तरी फिरत राहते, कारण काँटॅक्टरचाच एक जादा संपर्क बटणाला समांतर जोडलेला असतो आणि तो स्वतःला धरून ठेवतो. स्टॉप दाबला किंवा वीज गेली की ती पकड सुटते. वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. कुणाचा हात आत असेल तर त्याचा हात वाचतो. हे सर्किट मी शेकडो विद्यार्थ्यांकडून जोडून घेतलंय, आणि पहिल्यांदा काँटॅक्टरचा ‘खट्’ आवाज आला की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मला अजूनही आवडतं. पुढे हेच सर्किट पीएलसीत लिहिताना सगळे अडखळतात. स्टॉपचं बटण प्रत्यक्षात नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता जोडलेलं, असतं, प्रोग्रॅममध्ये मात्र उघड्या संपर्काचं चिन्ह टाकावं लागतं. बटण न दाबलेलं असताना वायरीत वीज असते, इनपुट ‘एक’ असतो, आणि प्रोग्रॅम विचारतो, “एक आहे ना?” वायर तुटली तर उत्तर ‘नाही’ येतं आणि मशीन थांबतं. तुम्हीही इथे दोन आठवडे गोंधळाल. घाबरू नका, गोंधळ झाला नाही तरच मला काळजी वाटते.

बाकी विषय भरभर सांगते: हवेवर आणि तेलावर चालणारे सिलिंडर-व्हॉल्व्ह, सेन्सर, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, रोबो, थोडं नेटवर्किंग. यातला एकही विषय असा नाही, की तुमच्या लाइनवर त्याची वस्तू सापडणार नाही.

करंटची भीती ही चांगली गोष्ट आहे, ती घालवू नका. पॅनेलमधला बराचसा भाग २४ व्होल्ट डीसीवर चालतो. त्याच पॅनेलच्या वरच्या बाजूला ४८० व्होल्टची थ्री-फेज असू शकते, आणि ती माणूस मारते. मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाचा टॅग अडकवायचा, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि मग मीटरने तपासून वीज खरंच गेलीय याची खात्री करायची. मीटरसुद्धा आधी आणि नंतर चालू विजेवर पारखून घ्यायचा. ‘लॉकआउट-टॅगआउट’चा हा नियम अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९८९ साली जाहीर केला. लाल इमर्जन्सी बटण दाबणं म्हणजे लॉकआउट नव्हे. तेवढ्यावर भागवून आत हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत आणि एकाची दोन बोटं गेलेलीही पाहिली आहेत. लॅबमध्ये जाताना बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र घरी ठेवायचं, केस बांधायचे, अंगावर सुती कपडे. यात कुणाची भीड धरायची नाही, घरच्यांचीसुद्धा.

वर्गात तुम्ही एकट्या बाई असाल का? असू शकाल. माझ्या सध्याच्या वर्गात सोळा जणांत दोघी आहेत. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांभाळा. जोडीने काम करताना समोरचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन जोडायला लागतो आणि तुमच्या हातात वही येते. तो वाईट नसतो, त्याला घाई असते. वही त्याला द्या, वायर तुम्ही जोडा, पुढच्या वेळी उलट करा. हे पहिल्या आठवड्यात झालं नाही तर सत्र संपेपर्यंत तुमचे हात कोरे राहतात. मी शिकत असताना माझे राहिले होते, आणि त्याची भरपाई मला नोकरीत रात्री थांबून करावी लागली.

आता कॉलेज. माहितीपत्रक सगळ्यांचंच चकचकीत असतं, त्यामुळे प्रत्यक्ष जा, तेही संध्याकाळी, वर्ग चालू असताना. एका ट्रेनरभोवती, म्हणजे सरावाच्या यंत्राभोवती, किती जण उभे आहेत ते मोजा. दोन असतील तर उत्तम. पाच असतील तर तिघं नुसतं बघून घरी जातात. वायरी पार झिजलेल्या आणि टर्मिनलांचे स्क्रू घासलेले दिसले तर खूश व्हा, लॅब वापरली जातेय. सगळं संगणकाच्या पडद्यावरच्या सिम्युलेशनवर चालत असेल तर विचार करा. सिम्युलेशनमध्ये स्क्रू सैल होत नाही. शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: “तुम्ही आम्हाला बिघाड करून देता का?” चांगला शिक्षक मुलं चहा प्यायला गेली की एखादी वायर काढून ठेवतो, फ्यूज बदलतो, सेन्सर वाकडा करतो. हे ऐकून ज्याचा चेहरा खुलेल त्याच्याकडे शिका. आणि पीएलसी कोणत्या कंपनीचे आहेत ते बघा. अमेरिकेत अ‍ॅलन-ब्रॅडली खूप दिसतात, सीमेन्सही असतात. तुमच्या कारखान्यातल्या पॅनेलवर जे नाव आहे तेच लॅबमध्ये असेल तर शिकलेलं दुसऱ्या दिवशी समोर दिसेल.

पदवीच्या नावाकडेही लक्ष द्या. असे अभ्यासक्रम बहुधा ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’चे असतात, साधारण ६० क्रेडिटचे. ही पदवी नोकरीसाठी बनवलेली आहे. पुढे कधी चार वर्षांची पदवी घ्यावीशी वाटली, तर यातले सगळे क्रेडिट प्रत्येक विद्यापीठ घेईलच असं नाही. इंजिनीअरिंगपेक्षा ‘इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी’च्या पदवीला ते जास्त सहज लागू पडतात. कॉलेजचा कोणत्या विद्यापीठाशी लेखी करार आहे हे आजच विचारून ठेवा. तोंडी “होतं सगळं” यावर विसंबू नका. दोन वर्षं ही पूर्णवेळ शिकणाऱ्याची झाली. तुमच्या वेगाने, सत्राला दोन विषय आणि उन्हाळ्यात एखादा, असे तीन-साडेतीन वर्षं धरा. मध्ये प्रमाणपत्रांचे टप्पे असतात. पहिला टप्पा हातात आला की मेंटेनन्सच्या जागेसाठी अर्ज करायला पदवीची वाट बघू नका.

तुमचं बी.कॉम. इथे एका ठिकाणी आडवं येईल, एका ठिकाणी कामी येईल. गरजूंना मिळणारी पेल ग्रँट आधीची बॅचलर पदवी असलेल्याला मिळत नाही, पदवी परदेशातली असली तरी. ही गोष्ट लपवायची नाही, अर्जात खरं लिहायचं. फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, मात्र भरा, कारण काही राज्यांच्या आणि कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांसाठी तो लागतो. दुसरीकडे, बी.कॉम.च्या गुणपत्रिकांचं मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घेतलंत तर इंग्रजी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा सामान्य विषयांचे क्रेडिट इथे धरले जाऊ शकतात. एक-दोन विषय सुटले तरी एका सत्राच्या संध्याकाळी वाचतात. खर्चाचा अंदाज म्हणून, कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या आकडेवारीत सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांची स्थानिक विद्यार्थ्यांसाठीची पूर्णवेळ वार्षिक फी सरासरी ४,०५० डॉलर होती. तुम्ही अर्धवेळ जाणार, त्यामुळे त्याहून कमी. आणि सगळ्यात आधी तुमच्या कारखान्याच्या एचआरकडे जा. शिक्षणाचा खर्च देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त धरली जाते. पैसे घेतल्यावर किती काळ तिथेच नोकरी करावी लागते तेही वाचा, सही करण्याआधी.

एवढं सांगितलं तर कडू भागही सांगायला हवा. नव्या मेंटेनन्स टेक्निशियनला बहुतेक ठिकाणी रात्रपाळी मिळते. सुट्ट्यांत लाइन बंद असते तेव्हाच मोठी कामं निघतात, म्हणजे सगळे घरी असताना तुम्ही कारखान्यात. रात्री दोनला फोन येतो. माझी मुलगी लहान असताना तिच्या दोन वाढदिवसांना मी नव्हते आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे. पदवी होईपर्यंत तो बारा-तेराचा होईल; तेव्हा घर कसं चालेल हे आत्ताच बोलून घ्या, पाळी हातात पडल्यावर नको.

आणि हे ज्यांच्याशी बोलायचं, ते तुमचे यजमान. त्यांचा विरोध मला तुच्छतेचा वाटला नाही, काळजीचा वाटला. त्यांच्या डोळ्यांसमोर तेलकट हात आणि धोका आहे. घरबसल्या कोर्सचा पर्याय वाईट नाही, पण तुम्हाला तो हवा असता तर तुम्ही मला पॅनेलबद्दल लिहिलं नसतं. कॉलेजच्या लॅबला भेट द्यायला त्यांना बरोबर न्या. रोबो खोकी उचलतोय, विद्यार्थी लॅपटॉप जोडून लॅडर बघतायत, एक जण स्क्रू आवळतोय, हे सगळं एकाच खोलीत असतं. ते बघून मग त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐका, आणि खरंच ऐका. नणंदबाईंना मी काही उत्तर देणार नाही. पाना-पक्कड ही हत्यारं आहेत, त्यांनी जग चालतं, त्यात लाजण्यासारखं मला कधीच काही दिसलं नाही.

आता ते दिवे. पीएलसीच्या प्रत्येक इनपुटला आणि आउटपुटला एकेक दिवा असतो. कंट्रोलर एका सेकंदात कित्येक वेळा एकच फेरी मारतो: सगळे इनपुट वाचायचे, लॅडर वरून खाली सोडवायची, आउटपुट लिहायचे. दिवे म्हणजे त्या फेरीची खिडकी. लाइन थांबली की ते गृहस्थ मनात विचारत असतील: आत्ता सेन्सरसमोर खोकं आहे, मग त्या इनपुटचा दिवा लागलाय का? लागला नसेल तर बिघाड बाहेर आहे, सेन्सरमध्ये किंवा वायरीत. इनपुट सगळे बरोबर आहेत आणि आउटपुटचा दिवाही लागलाय, तरी सिलिंडर हलत नाही? मग व्हॉल्व्ह किंवा हवा. आउटपुटचा दिवाच लागत नसेल, तर प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघतोय, आणि ते ‘कशाची तरी’ शोधायचं. तीन प्रश्नांत अख्खा कारखाना एका कोपऱ्यात येतो. वायर हलवल्यावर तुमच्या लाइनचा तो दिवा लुकलुकला असणार, म्हणजे टर्मिनल सैल होतं.

पॅनेलला तुम्ही स्वतः हात लावू नका, ते तुमचं काम अजून नाही. पण एक छोटी वही खिशात ठेवा आणि लाइन थांबली की लिहा: किती वाजता, काय चालू होतं, थांबण्याआधी काय वेगळं दिसलं किंवा ऐकू आलं, कशाने सुरू झाली. पुढच्या वेळी ते गृहस्थ पॅनेल बंद करून निघतील तेव्हा त्यांना गाठा आणि विचारा, “कोणता दिवा होता?”